मांजराच्या घरी चालणारं विज्ञान

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांना मांजर कसं असतं हे मी सांगायला नको. बोलावलं तर येत नाही, हातात काम असलं की नेमकं मांडीवर येऊन बसतं, आणि दारासाठी हट्ट करून दार उघडून घेतलं की उंबऱ्यावरच उभं राहतं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आज मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मांजरांबद्दल जे नवं कळलं, त्यातलं बरंचसं प्रयोगशाळेत कळलेलं नाही, ते लोकांच्या घरात कळलं. परक्या जागी नेलेलं मांजर कपाटाखाली दडी मारतं आणि तिथून हलत नाही. त्याच्यावर काय प्रयोग करणार? म्हणून शास्त्रज्ञच उठले आणि मांजराच्या घरी गेले. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. मांजर प्रयोगशाळेत रमत नाही, प्रयोगशाळेलाच मांजराकडे जावं लागतं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आधी सांगते, आणि जरा सावकाश सांगते.

अमेरिकेत एमआयटी ही नामांकित संस्था आहे. तिथे रोमान स्टॉकर नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा अभ्यास समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा आणि त्यांच्याभोवतीच्या पाण्याच्या हालचालीचा. एका सकाळी ते घरी नाश्ता करत होते आणि शेजारी त्यांचं मांजर पाणी पीत होतं. मांजराचं नाव कटा-कटा. स्टॉकर बघत राहिले. आयुष्यभर पाण्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाला प्रश्न पडला, की हे पाणी वर चढतं कसं? मांजराला माणसासारखे गाल मिटून पाणी ओढून घेता येत नाही. जीभ बाहेर येते, आत जाते, भांड्याबाहेर फारसं काही सांडत नाही, हनुवटी कोरडी राहते. मग पाणी तोंडात पोचतं कुठल्या वाटेने?

इथे मी जरा थांबते. नाश्त्याच्या वेळी समोर फोन असता, तर हा प्रश्न स्टॉकरना पडलाच नसता, असं माझं ठाम मत आहे. जेवताना, खाताना माणसाने आजूबाजूला बघावं. समोर माणूस असेल तर माणसाकडे, मांजर असेल तर मांजराकडे. घरातल्या मुलांनाही ही सवय लावावी, आणि आधी आपण लावून घ्यावी.

असो. तर स्टॉकरनी हा प्रश्न आपल्या सहकाऱ्यांपुढे टाकला. पेद्रो रेईस, सुंगह्वान जुंग आणि जेफ्री अ‍ॅरिस्टॉफ. कोणी अभियंता, कोणी गणिती. चौघांनी मिळून वेगवान कॅमेरा आणला आणि स्टॉकरांच्या घरी मांजराच्या भांड्यासमोर लावला. हा कॅमेरा एका सेकंदाचे शेकडो तुकडे करून दाखवतो. कॅमेरा तयार, दिवे तयार, चार विद्वान तयार. आता मांजराला तहान लागायला हवी! हे चौघे तासन्‌तास बसून राहायचे. कटा-कटाला वाटेल तेव्हा ते येणार, वाटलं तर पिणार. त्याला घाई कोण करणार? मला हे चित्र फार लोभस वाटतं. चार शहाणी माणसं एका मांजराच्या तहानेची वाट बघत बसली आहेत, आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही.

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण म्हणतो. या वेळी बघणारे मात्र डोळे उघडे ठेवून बसले होते. आणि कॅमेऱ्यात जे दिसलं ते असं. जीभ खाली येते तेव्हा तिचं टोक मागे, हनुवटीकडे वळलेलं असतं. एवढं आधीही ठाऊक होतं. एमआयटीमधल्याच हॅरल्ड एडगर्टन यांनी 1940 मध्ये मांजर दूध पितानाचं चित्रीकरण केलं होतं, त्यात ते वळण दिसलं होतं. ते पाहून सगळ्यांना वाटायचं की मांजर जिभेची पळी करतं आणि पाणी उपसतं. तसं अजिबात नाही. जिभेची ती वळलेली बाजू पाण्याला नुसती टेकते. बुडत नाही, टेकते. टेकली की लगेच जीभ वर उचलली जाते, वेगाने. जिभेला लागलेलं पाणी तिच्या मागे ओढलं जातं, आणि भांड्यातून वर पाण्याचा एक बारीक खांब उभा राहतो. पाणी वर चाललेलं असतं, त्याला वर जायची ओढ असते. त्याच वेळी गुरुत्वाकर्षण त्याला खाली खेचत असतं. पहिल्यांदा वरची ओढ जिंकते, मग खालची जिंकायला लागते. या दोन्ही ओढी बरोबरीला येतात, त्या क्षणाच्या सुमारास मांजर तोंड मिटतं. खांबाचा वरचा भाग तोंडात राहतो, उरलेलं पाणी भांड्यात परत पडतं.

पुन्हा सांगते, कारण हे ऐकून डोळ्यांसमोर यायला वेळ लागतो. जीभ टेकते, पाणी तिच्यामागे उठतं, आणि ते पडायच्या आत तोंड मिटतं. हे सगळं एका सेकंदात साधारण चार वेळा. दर वेळी तोंडात जातं सुमारे 0.1 मिलिलिटर, म्हणजे दोनेक थेंब. जरा उशीर झाला तर पाणी पडून जाणार, जरा घाई झाली तर खांब पुरता उठलेलाच नसणार. मांजर ती वेळ साधतं.

पण हे लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी जिभेच्या जागी काचेची एक गोल चकती लावून ती पाण्यावर खाली-वर करणारं यंत्र केलं, आणि कुठल्या वेगाला किती पाणी उठतं ते मोजलं. त्या हिशेबातून एक अंदाज निघाला. प्राणी मोठा, जीभ मोठी, तर जिभेचा ठेका संथ हवा. आता हे खरं की खोटं, ते वाघालाच विचारायला हवं. मग बॉस्टन परिसरातल्या प्राणिसंग्रहालयात जाऊन त्यांनी मोठ्या मार्जारांचं चित्रीकरण केलं. जे प्राणी तिथे नव्हते, त्यांच्यासाठी लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या चित्रफिती लावल्या आणि जिभेचे फेरे मोजत बसले. अंदाज बरोबर निघाला. सिंह सेकंदाला दोन वेळासुद्धा जीभ लावत नाही. 2010 मध्ये हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. या कामासाठी कोणी अनुदान दिलेलं नव्हतं. साडेतीन वर्षं चौघांनी आपला वेळ काढून ते केलं. संशोधनाला पैसे देताना ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न पहिल्याच ओळीत विचारू नये असं मला वाटतं. उपयोग मागाहून सापडतो, किंवा नाही सापडत. कुतूहल मात्र एकदा मारलं की परत येत नाही.

दुधाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगून टाकते. वयाने मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. बशीत पाणी ठेवा, ताजं ठेवा. आणि लाडाने गोड भरवू नका, मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे, हे 2005 मध्ये सिद्ध झालं.

जिभेचीच आणखी एक छोटी गोष्ट. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्सिस नोएल यांच्या घरच्या मांजराची जीभ एकदा ब्लँकेट चाटताना त्यातच अडकली. त्यातून त्यांनी जिभेवरच्या काट्यांचा अभ्यास सुरू केला, आणि 2018 मध्ये दाखवून दिलं की त्या काट्यांच्या टोकाला खोबणी असतात. त्यांत लाळ भरून ती थेट केसांच्या मुळापर्यंत पोचवली जाते. पुन्हा तेच, घर आणि घरातलं मांजर.

आता आवाजाकडे येते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅककोम्ब यांचं पेपो नावाचं मांजर त्यांना रोज सकाळी गुरगुरून उठवायचं, आणि ते गुरगुरणं दुर्लक्ष करता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी इतर मांजरवाल्यांना विचारलं, तर सगळ्यांचा तोच अनुभव. पण अनोळखी माणूस ध्वनिमुद्रण करायला आला की मांजरं गप्प. म्हणून मालकांनाच शिकवून त्यांच्याकडून घरोघरी आवाज टिपून घेतले. खाणं मागतानाच्या गुरगुरीत एक उंच स्वर लपलेला सापडला, साधारण 380 हर्ट्झचा, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं, त्यांनाही ती गुरगुर निकडीची वाटली. संगणकावर फक्त तो स्वर काढून टाकला, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर निकड कमी झाली. हे 2009 सालचं काम.

आणि नावाचं काय? मांजराला आपलं नाव कळतं का? कळतं. जपानमधल्या अत्सुको साइतो यांनी 2019 मध्ये हे दाखवलं, आणि त्यांची पद्धत मला फार पटली. त्यांनी मांजर धावत येईल अशी अपेक्षाच ठेवली नाही. मांजराच्या नावाएवढ्याच लांबीचे चार साधे शब्द एकामागून एक ऐकवले. पहिल्या शब्दाला मांजर कान हलवतं, दुसऱ्याला कमी, चौथ्यापर्यंत बहुतेकांचा रस संपलेला असतो. मग पाचवं त्याचं नाव. आणि कान परत वळतात, मान हलते. अनोळखी आवाजात नाव घेतलं तरी फरक पडला. उठून कोणी येतं असं नाही, पण कान वळतात. तेव्हा मांजराने ऐकलं की नाही हे पायांकडे बघून ठरवू नका, कानांकडे बघा.

क्योतो विद्यापीठातल्या साहो ताकागींनी तर, आपलं माणूस आवाजावरून कुठे आहे याचा हिशेब मांजर मनात ठेवतं, हे दाखवलं. आधी खोलीबाहेरून मालकाचा आवाज ऐकवला आणि लगेच तोच आवाज दुसऱ्या बाजूने खोलीच्या आतून आला, तर मांजरं चकित होऊन इकडेतिकडे बघायला लागली. माणूस बाहेर होता, आत आला कसा! म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात बोलत असता तेव्हा पलंगावर डोळे मिटून पडलेलं मांजर तुमचा ठावठिकाणा ठेवून असतं. 2021 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

वेळ संपत आली, पण एक प्रयोग तुम्हाला घरी करता येईल तो सांगते. ससेक्समधल्याच टॅस्मिन हंफ्री यांनी 2020 मध्ये दाखवलं, की माणसाने मांजराकडे बघून डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली, तर मांजरंही तशीच उघडझाप करतात. आणि अनोळखी माणसाने आधी अशी उघडझाप करून मग हात पुढे धरला, तर मांजरं त्या हाताकडे जास्त वेळा आली. नुसता कोरा चेहरा ठेवलेल्या माणसाकडे कमी आली. तेव्हा मांजर निवांत बसलेलं असताना थोड्या अंतरावर बसा. टक लावून बघू नका. डोळे बारीक करा, क्षणभर मिटा, सावकाश उघडा. दोन-तीनदा करा, मग हात पुढे धरून थांबा. हात मांजराच्या अंगावर न्यायचा नाही. यायचं की नाही, ते त्याला ठरवू द्यायचं.

नमस्कार.