मेंदूच्या हिशेबात 'जवळ' म्हणजे किती जवळ?

आधी एक करून बघा. शेजारी जो कुणी असेल त्याला सांगा, तुझा हात माझ्या गालाजवळ आण. लावायचा नाही, नुसता आणायचा. करा, मी थांबतो.

शेवटच्या दोन-चार इंचांत मान मागे जायला बघते ना? डोळा बारीक होतो. स्पर्श तर अजून झालेलाच नाही! तोच हात चार फुटांवर होता तेव्हा तुम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. हातात फरक पडला नाही. फरक पडला तो जागेत.

ही जागा मेंदूत वेगळी सांभाळली जाते. 1981 साली इटलीत जाकोमो रिझोलाटी आणि त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूतले एकेक न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, तपासत होते. भाग होता प्रीमोटर कॉर्टेक्स, हालचालीची तयारी होते तो. तिथे त्यांना असे न्यूरॉन भेटले, की गालाला काही लागलं तर ते चेततात, आणि काही न लागता वस्तू नुसती गालाजवळ आली तरी चेततात. वस्तू लांब नेली की गप्प. म्हणजे गालाचा स्पर्श आणि गालाच्या आसपासची हवा, दोन्हींची राखण एकाच पेशीकडे. या जागेला शास्त्रज्ञ पेरिपर्सनल स्पेस म्हणतात. आपण 'अंगालगतची जागा' म्हणू.

पुढे मायकेल ग्राझियानो आणि चार्ल्स ग्रॉस यांनी हाताची अशीच राखण करणारे न्यूरॉन बघितले. माकडाचा हात उजवीकडे सरकवला, की न्यूरॉन राखत असलेली जागाही उजवीकडे सरकायची. नजर कुठेही असो, ती जागा हातालाच चिकटलेली. 1997 मधला त्यांचा प्रयोग तर मला फारच आवडतो. वस्तू चेहऱ्याजवळ आणली, दिवा घालवला, मग अंधारात आवाज न करता वस्तू काढून घेतली. काही न्यूरॉन तरीही चेतलेलेच, जणू वस्तू अजून तिथेच आहे! आणि अशाच भागांना विजेची हलकी उत्तेजना दिली, तर माकड डोळे मिटायचं, मान फिरवायचं, हात आडवा धरायचं. तुमच्या मानेनं मघाशी केलं ना, त्याच जातीचं.

बऱ्याच ठिकाणी तुम्ही ऐकाल, की आपल्याभोवती एक अदृश्य फुगा असतो. मला ही उपमा पटत नाही. फुगा एक असतो आणि त्याला कडा असते. इथे चेहऱ्याची जागा वेगळी, हाताची वेगळी, आणि कडा अशी नाहीच, हळूहळू विरत जाते. शिवाय ती ताणताही येते.

ते दाखवलं जपानमधल्या अत्सुशी इरिकी यांच्या गटानं, 1996 मध्ये. माकडांना दाताळ्यानं लांबचा खाऊ ओढून घ्यायला शिकवलं. दाताळं वापरल्यावर हाताच्या न्यूरॉनची जागा दाताळ्याच्या टोकापर्यंत पसरली. नुसतं हातात धरून ठेवलं तर नाही. जागाच पसरली की लक्ष तिकडे गेलं, यावर अभ्यासकांत वाद आहे बरं का.

आता माणसांकडे येऊ. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली, की काही रुग्णांना डाव्या बाजूचं भानच राहत नाही. डोळे ठीक असतात, पण डावीकडचं जणू नसतंच. अशांना आडव्या रेषेचा मध्य दाखवायला सांगितलं, तर ते बरंच उजवीकडे बोट ठेवतात.

1991 मध्ये ब्रिटनमध्ये पीटर हॅलिगन आणि जॉन मार्शल यांनी असा एक रुग्ण तपासला. हाताशी असलेल्या रेषेत चूक ठरलेली. पण रेषा दोन मीटरपेक्षा लांब नेली आणि मध्य प्रकाशाच्या ठिपक्यानं दाखवायला सांगितलं, तर उत्तर जवळपास बरोबर!

2000 साली इटलीत ॲना बर्टी आणि फ्रान्चेस्का फ्रासिनेत्ती यांना तसाच रुग्ण मिळाला. जवळ चूक, लांब प्रकाशाच्या ठिपक्यानं ठीक. मग त्यांनी हातात एक लांब काठी दिली. रेषा लांबच, रुग्ण तोच. म्हणाले, आता काठीनं मध्य दाखवा.

काठीचं टोक गेलं उजवीकडे.