शेपटीखाली बघा

(परसातल्या कोंबड्यांच्या जखमा आणि त्यांत पडणाऱ्या अळ्या या विषयावर कोकणातल्या महिला बचत गटांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, किंचित संपादित करून.)

नमस्कार. कोंबड्यांच्या राणीखेत आणि देवी या रोगांच्या लसींबद्दल तुम्ही दर वर्षी ऐकता, त्यामुळे आज ते सांगत बसत नाही. आज बोलायचंय ते जखमेत अळ्या पडतात त्याबद्दल. यावर लस नाही. आणि या दुखण्याने कोंबडी जाते तेव्हा बहुतेक वेळा घरच्यांना शेवटच्या दिवसापर्यंत काही कळलेलंच नसतं.

2019 च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या 31 कोटींच्या वर भरल्या. त्यांतल्या बहुतेक बायकांच्या हातच्या आहेत. अंडी विकून मुलांच्या वह्या येतात, अडीनडीला कोंबडा विकला जातो. म्हणून एक कोंबडी गेली तर काय झालं, असं मला कधीच वाटलं नाही.

आता हे होतं कसं ते बघू. पावसाळा, दमट हवा, आणि कोंबडीच्या अंगावर कुठेतरी ओलं. मुंगसाने किंवा कुत्र्याने धरलेलं असेल, कोंबड्याच्या नखांनी पाठ सोलवटलेली असेल, दुसऱ्या कोंबड्यांनी टोचून रक्त काढलेलं असेल. यांतलं काहीच नसेल तर जुलाब होऊन शेपटीखालची पिसं विष्ठेने लडबडलेली असतात. त्या वासावर हिरवी-निळी चमकणारी माशी येते आणि अंड्यांचा पिवळट पांढरा पुंजका चिकटवून जाते. आपल्याकडच्या उकाड्यात ती अंडी बारा ते चोवीस तासांत फुटतात, कधी त्याच्याही आधी. अळ्या चार-पाच दिवस मांस खातात, फुगतात, मग खाली पडून मातीत शिरतात आणि कोष करतात. म्हणजे सोमवारी सकाळी जे ओरखडा होतं ते गुरुवारी मुठीएवढं भोक झालेलं असतं.

यात कोंबडीचा स्वभाव आडवा येतो. दुखतंय हे ती दाखवत नाही. कळपात दुबळं दिसलं तर बाकीच्या टोचतात, म्हणून ती अगदी शेवटपर्यंत दाणे टिपत राहते. वरची पिसं जागच्या जागी असतात आणि आत सगळं पोखरलेलं असतं. म्हणून पावसाळ्यात रोज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घेताना एकेकीला हातात घ्या, शेपटी वर करा आणि वास घ्या. सडका, गोडूस वास आला की तिथेच थांबा. डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी तर आवर्जून बघा, कारण ती एकवीस दिवस जागची हलत नाही आणि खालून ओली राहते.

अळ्या सापडल्या की घरात पहिली धाव कशाकडे जाते? फिनेल, रॉकेल, डांबरगोळीची पूड, पिकावर मारायचं औषध. दोन किलोच्या पक्ष्याच्या उघड्या मांसावर यांतलं काहीही टाकू नका. अळी मरेल, पण ते विष कातडीतून कोंबडीच्या अंगातही जाईल. बैलाच्या खुरात टर्पेंटाइनचा बोळा ठेवतात, तसा कोंबडीला नको. तिची कातडी कागदाएवढी पातळ असते, भाजून निघते. सीताफळाच्या बियांची पूडही नको, ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. अळी मारायच्या औषधाच्या मागे लागू नका. पाणी, मीठ, चिमटा आणि तुमचे हात एवढ्यावर बहुतेक काम होतं.

आधी कोंबडी वेगळी करा. लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात. हातात मोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. कोंबडी जुन्या सुती कपड्यात गुंडाळा, डोकं झाका, म्हणजे ती शांत राहते. तिला उताणी धरून छाती दाबू नका. पक्ष्याला श्वास घ्यायला छातीचं हाड हलवावं लागतं, ते दाबलं तर ती गुदमरते.

जखमेच्या भोवतालची पिसं कात्रीने कापा, चांगली दोन बोटं रुंद. उपटू नका, कातडी सोबत निघते. नव्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं, त्याला कात्री लागली तर मक्याचं पीठ दाबून धरा. मग एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने धार मारा. अळ्यांना आत हवा कमी पडली की त्या तोंडाशी येतात, तेव्हा चिमट्याने उचला. परत धार, परत चिमटा. अर्धा तास लागेल, तास लागेल. कप्पे असतात, एकाखाली दुसरा. कातडीच्या कडेखाली सिरिंजचं तोंड सरकवून बघा. पण पाठीवरच्या किंवा पंखाखालच्या खोल जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील तर पाणी अजिबात मारू नका. तिथे पक्ष्याच्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्या फुप्फुसाला जोडलेल्या असतात. अशी कोंबडी सरळ दवाखान्यात न्यायची.

काढलेल्या अळ्या अंगणात फेकू नका, त्या मातीत शिरून पुन्हा माश्या होतात. साबणाच्या कढत पाण्यात टाका. बाकीच्या कोंबड्यांना तर मुळीच घालू नका. मेलेल्या उंदरावरच्या किंवा सडक्या मांसातल्या अळ्या खाऊन कोंबड्यांची मान लुळी पडते, ते विष जिवावर बेततं.

मला नेहमी विचारतात, अळ्या सडकं मांस खातात, मग जखम साफच होते ना? पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकन शल्यचिकित्सकाने अळ्या पडलेल्या सैनिकांच्या जखमा आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ पाहिल्या होत्या आणि पुढे त्याने अळ्यांचा उपचारात वापर केला, हे खरं आहे. पण त्या अळ्या निर्जंतुक करून, मोजून, ठरावीक वेळ ठेवलेल्या आणि मेलेलंच मांस खाणाऱ्या जातीच्या. आपल्याकडे क्रायसोमिया बेझियाना नावाची माशी आहे, तिच्या अळ्या जिवंत मांसात शिरतात. अंगणात कोणत्या माशीने अंडी घातली हे तुम्हाला कळणार नाही. काढायच्या म्हणजे सगळ्या काढायच्या.

धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज नको, नवीन येणारं मांस त्याने जळतं. घरातली बधिर करायची मलमं, ज्यांच्या नावात शेवटी ‘केन’ येतं ती, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, पक्ष्यांना ती सोसत नाहीत. माणसांच्या गोळ्याही नकोत. मग जखम मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडी करा. ओली ठेवलीत तर सगळं पाण्यात गेलं. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल जखमेच्या भोवती लावा, माशी लांब राहते. जखमेत घालू नका.

आता निवारा. माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक कोंबड्या इथे वाचतात किंवा जातात. कोंबडीचं तापमान एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस असतं, आणि ती भिजलेली, घाबरलेली असते. पडवीत खोकं ठेवा, वर जुन्या मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा, एका बाजूला पिवळा बल्ब, म्हणजे तिला उबेत जाता येईल आणि लांबही सरकता येईल. खाली भाताचं तूस नको, जखमेला चिकटतं. धुतलेलं कापड किंवा वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. मुंग्या वासावर येतात. खोकं चौरंगावर ठेवा आणि चौरंगाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत. तिच्या पिण्याच्या पाण्यात थोडा गूळ घाला. पाणी चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने लावा, घशात ओतू नका, श्वासनळीत जातं.

सहा-आठ तासांनी पुन्हा बघाच. पिसांच्या मुळाशी राहून गेलेली अंडी तोवर फुटलेली असतात आणि नव्या, बारीक अळ्या दिसतात. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ धुवायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी तळाला गुलाबी, ओलसर, दाणेदार मांस दिसायला लागलं की समजा गाडी रुळावर आली. पक्ष्याची कातडी फार छान भरते. मी पाठीचं सगळं कातडं गेलेली कोंबडी महिन्याभरात झाकलेली पाहिली आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, कोंबडीचा पू गायी-म्हशीसारखा वाहत नाही, तो घट्ट पिवळ्या गठ्ठ्यासारखा आत बसतो. म्हणून कडेला टणक लागलं तर बरं वाटतंय असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा. आयव्हरमेक्टिन हे अळ्या मारायचं औषध, प्रतिजैविकं हेही त्यांच्याच हातून. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत, हे विचारूनच दवाखान्यातून बाहेर पडा. 1962 वर फोन केलात तर फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं.

अळ्या शेपटीखालून पोटात शिरल्या असतील, आतडं दिसत असेल, कोंबडी मान टाकून पडली असेल, तर तिला आणखी दोन दिवस तडफडत ठेवण्यात माया नाही. डॉक्टरांना सांगून तिची सुटका करा. अशी कोंबडी खायची नाही. चुना घालून खोल पुरायची, नाहीतर तिच्यावरच पुढची माशी पोसली जाईल.

मागे मावशी हात वर करताहेत. हो, बरोबर विचारलंत, परत कळपात कधी सोडायची? खपली पडून वर कातडी आली की सोडायची, त्याआधी नाही. कापलेली पिसं पुढच्या वेळी झडेपर्यंत तशीच राहतात, त्यासाठी थांबू नका. आधी दोन-तीन दिवस जाळीच्या पलीकडून एकमेकींना दिसू द्या, मग संध्याकाळी अंधार पडताना खुराड्यात सोडा. सकाळी सोबत उठल्या की भांडण कमी होतं. आणि जिने टोचून जखम केली होती ती कोणती, हे माहीत असेल तर तिलाच आठवडाभर वेगळी ठेवा.