मनाचे खेळ नव्हेत

कोकण हा भाताचा मुलूख. तरी गहू ताटात येतोच, आणि काहींना तोच आजारी पाडतो. बांगडा तळायच्या आधी रव्यात घोळवला जातो. वड्यांच्या पिठात बऱ्याच घरी मूठभर गहू पडतात. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. सकाळी पाववाला येतो, चहाबरोबर बटर-खारी असते, रेशनवर तांदळासोबत गहू मिळतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तर रव्याचाच.

ही गोष्ट वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत राहणाऱ्या एका ताईंची. त्यांनी नाव सांगू नका म्हटलंय, म्हणून सांगत नाही. त्यांचं माहेर आत डोंगराकडे. तिथे सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, रात्री नाचणीची भाकरी. सासरी नवरा मुंबईत वाढलेला, त्याला दोन्ही वेळा चपाती लागते. लग्नानंतर हळूहळू ताईंचं पोट बिघडत गेलं. जेवलं की पोट डब्ब फुगायचं. जुलाब थांबायचे नाहीत, तोंड आलेलं असायचं, केस मुठीमुठीने गळायचे. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, पण हिमोग्लोबिन काही चढेना.

सोनोग्राफी नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाईल मिटली आणि ताईंकडे न बघता त्यांच्या नवऱ्याला सांगितलं, "यांना काही झालेलं नाही, टेन्शन घेतात." मग झोपेची गोळी सुरू झाली. घरी देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. ताई माहेरी महिनाभर राहिल्या की पोट शांत व्हायचं, अंगात जरा ताकद यायची. परतल्या की पुन्हा तेच. यावर शेजारणींचा प्रश्न ठरलेला: "माहेराक गेल्यावर बरा कसा वाटता गे तुका?"

त्या प्रश्नातच आजाराचं उत्तर होतं. पण तो विचारला गेला टोमणा म्हणून.

या आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक परदेशी धान्य) यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांच्या शरीरात ते गेलं की रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर अन्नरस शोषणारे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात. आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात लोह शोषलं जातं, नेमका तोच भाग आधी जायबंदी होतो. म्हणून लोहाच्या कितीही गोळ्या घ्या, रक्त वाढत नाही. सोनोग्राफीत ही झीज दिसत नाही. ती ओळखायला आधी टीटीजी-आयजीए नावाची रक्ताची तपासणी लागते, आणि मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो.

उत्तर भारतात हा आजार साधारण शंभरात एकाला असतो, दक्षिणेकडे पुष्कळ कमी. त्यामुळे भात खाणाऱ्या भागात तो कुणाच्या डोक्यातच येत नाही. खरं तर अन्नाशी त्याचा संबंध जगाला कळून पाऊणशे वर्षं झाली. विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं होतं, की गहू बंद केला की हा आजार असलेली मुलं सुधारतात. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्याचा संशय आणखी पक्का झाला. १९५० साली त्याने तो प्रबंधात मांडला. इतकं जुनं ज्ञान असताना एका बाईला नुसतं टेन्शन आहे म्हणून घरी पाठवणं मला फार क्रूर वाटतं.

ताईंना वाट दाखवली ती कुडाळकडच्या एका बाईंनी, आणि तीही लग्नाच्या पंगतीत. शेजारी बसलेल्या या बाईंनी पुरी वाढायला आलेल्या मुलाला हातानेच थांबवलं, आमटीत हिंग कुठलं घातलंय ते विचारलं आणि पिशवीतून तांदळाच्या भाकरीचा डबा काढला. ताईंनी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं. ताईंचा घास हातातच राहिला. आपल्याला काय काय होतं ते त्या सांगायला लागल्या, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "माका पण अगदी असाच व्हायचा गे. मगे?"

ताई आज सांगतात, "एवढ्या वर्षांत 'मग पुढे?' असं मला कोणी विचारलंच नव्हतं. सगळे मधेच थांबवायचे."

तपासणी झाली, रिपोर्ट आला. कागद हातात घेऊन ताई रडल्या. आजार निघाला म्हणून कोणी एवढं सुटल्यासारखं रडतं, हे नवऱ्याला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. चपाती त्याने स्वतःहून सोडली.

आज कुडाळ, मालवण, वेंगुर्ला भागातली काही घरं एकमेकांना धरून आहेत. औषध असं नाहीच, जन्मभर ग्लुटेन टाळणं हाच उपाय. घावणे, आंबोळी, शिरवाळे, उकडीचे मोदक, सोलकढी हे सगळं आपलं आधीपासून आहेच. अडतं ते गिरणीत. आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, त्याच जात्यातून तुमचे तांदूळ जातात, आणि पिठाची तेवढी भुकटीही आतड्याला पुरेशी होते. म्हणून या सगळ्यांनी वर्गणी काढून एक घरघंटी घेतली. ती ताईंच्या पडवीत आहे, गोधडीखाली झाकलेली. डब्याच्या झाकणावर खडूने लिहिलंय: गहू नाही. दर आठवड्याला कुणी ना कुणी तांदूळ, नाचणी घेऊन येतं, दळण होईतो बसतं. गप्पा निघतात त्या प्रसाद नाकारल्यावर यजमानीणबाई कशा रुसल्या, दीर अजून नाटक कसं म्हणतो, याच्या. हे ऐकून घेणारं माणूस समोर असणं ही मला घरघंटीइतकीच मोठी सोय वाटते.

नव्याने कुणाचा फोन आला तर ताई पहिलं बजावतात: तपासणीआधी चपाती सोडू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येऊ शकतो. दुसरं, आजार निघाला तर आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करा, तो रक्ताच्या नात्यात येऊ शकतो. आणि डॉक्टरांकडे एकटीने जायची भीती वाटत असेल तर सांगा, मी येते. त्या खरंच जातात. स्वतःची जुनी फाईलही बरोबर नेतात.