वाचता येते, पण कळते का?

बाराखडी पक्की झाली, जोडाक्षरे हाताखालून गेली की दुसरी-तिसरीतले मूल समोर येईल तो मजकूर मोठ्याने वाचू लागते, आणि नेमकी इथेच पालकांची फसगत होते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बहुतांशी सरळ असल्यामुळे, ज्या शब्दाचा अर्थ मुलाला ठाऊकच नाही तो शब्दही ते बिनचूक उच्चारते. ते अस्खलित वाचन ऐकून घरची मंडळी कौतुकाने मोठ्या मुलांचे पुस्तक आणून देतात आणि मूल हळूहळू पुस्तक टाळू लागते.

गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडले की, वाचून समजणे हा अक्षरओळख आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. यातले एक शून्यावर आले, तर दुसरे कितीही मोठे असले तरी उपयोग होत नाही.

गोव्यात भाषेच्या समजेकडे अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण मराठी शाळेत जाणारी कितीतरी मुले घरी कोकणी बोलतात. दोन्ही भाषा जवळच्या असल्याने गोष्टीचा ढोबळ आशय त्यांच्या ध्यानात येतो; निसटतात ती ‘जरी-तरी’, ‘तोवर’, ‘अन्यथा’ अशा शब्दांनी जोडलेली लांब वाक्ये.

डिचोलीतल्या एका घराच्या ओसरीवर दुसरीतली मुलगी नावाड्याची गोष्ट वाचते आहे. कुठेही न अडखळता ती पान संपवते. नावाडी पलीकडे का गेला नाही, असे आई विचारते, तेव्हा मुलगी ओळींवरून बोट फिरवते आणि पानावरचे शेवटचे वाक्य पुन्हा वाचून दाखवते. पाणी काठावर चढल्याचे तिने वाचलेले असते, पण पुराची भीती शब्दांत लिहिलेली नसते आणि ती तिच्यापर्यंत पोहोचलेली नसते.

पुस्तक निवडताना असाच, पानावर थेट उत्तर नसलेला एखादा प्रश्न विचारावा. एका पानावर न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजण्याची रीत सोपी आहे. पाचही बोटे वर आली तर ते पुस्तक तूर्त कठीण समजतात. मात्र मराठीत मूल न कळलेल्या शब्दावरूनही सफाईने पुढे जाते, म्हणून नंतर पुस्तक मिटून त्याला गोष्ट सांगायला लावावी, आणि कोकणीत सांगितली तरी अडवू नये. परीक्षा समजेची आहे, मराठी बोलण्याची नव्हे.

पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग आहे, आणि तिथे दोन-चार पुस्तकांची पाने वाचून पाहिल्याशिवाय निवड करण्याची घाई करू नये. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टींच्या चार पातळ्या आहेत: पहिली २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १,५०० पर्यंत आणि चौथी त्याहून मोठ्या गोष्टींची. ही विभागणी निवडीची चांगली सुरुवात आहे, तरी शब्दसंख्येपेक्षा वाक्याची घडण आणि मुलाचा अनुभव अधिक मोलाचा असतो. चवथीला (गणेशचतुर्थीला) वडीलधाऱ्यांसोबत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे टांगण्याची चौकट, बांधणारे, त्यासाठी कवंडाळ, आंबाडे, तोरिंग ही फळे हाताळलेले मूल त्या विषयावरचा काहीसा अवघड मजकूरही समजून घेते. बर्फातल्या घराची आखूड गोष्ट मात्र त्याला परकी वाटू शकते.

चित्रांकडे पाहून मूल अर्थ लावत असेल, तर त्याला रोखू नये. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्रातच असते, आणि ‘आता मोठा झालास’ म्हणून ती पुस्तके काढून घेणे हा मुलावर अन्याय आहे.

मुलाने हट्टाने उचललेले कठीण पुस्तकही परत ठेवायला लावू नये. या वयात मुलांना वाचून कळते त्याहून पुष्कळ अधिक ऐकून कळते. तेव्हा ते पुस्तक रात्री आईने, आजोबांनी किंवा मोठ्या भावंडाने वाचून दाखवावे, मध्येच थांबून लांब वाक्य दोन वाक्यांत सांगावे, आणि मुलाने एकट्याने वाचण्यासाठी त्याच विषयावरचे सोपे पुस्तक घरात ठेवावे.