कसाबला ओळखणारी माणसं

(दृश्य : आर्थर रोड तुरुंगाची भिंत, बाहेर बंदोबस्त)

१० जून २००९. तुरुंगाच्या आवारात उभारलेल्या विशेष न्यायालयात दहा वर्षांची एक मुलगी कुबड्यांवर चालत आली. देविका रोटावन. साडेसहा महिन्यांपूर्वी, २६ नोव्हेंबरच्या रात्री, ती घरच्यांबरोबर सीएसटीवर पुण्याच्या गाडीची वाट पाहत बसली होती. गोळी तिच्या उजव्या पायात घुसली. आता समोर न्यायाधीश एम. एल. तहलियानी होते, प्रश्न विचारायला विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम होते आणि आरोपी म्हणून तिघं जण बसले होते. स्टेशनात गोळ्या झाडणारा यातला कोण, एवढं तिला सांगायचं होतं. तिनं अजमल कसाबला ओळखलं.

आपल्या पुरावा कायद्यात साक्षीदाराला वयाची अट नाही. विचारलेला प्रश्न समजला आणि त्याचं नीट उत्तर देता आलं की पुरे. तरीही, ज्यानं आपल्यावर बंदूक चालवली त्याच्यापासून काही पावलांवर उभं राहून त्याला ओळखायचं, हे दहा वर्षांच्या मुलीनं केलं. मोठ्यांनाही हे सहज जमत नाही.

(दृश्य : सीएसटीचा उपनगरी गाड्यांचा फलाट)

कसाबच्या खटल्यात साक्षीदारांची गरजच काय होती, असं आज अनेकांना वाटतं. त्याचा फोटो साऱ्या जगानं पाहिला होता. पाठीवर पिशवी, हातात एके-४७. पण न्यायालयात फोटो नुसता दाखवून भागत नाही. तो कुणी काढला, कुठून काढला, कधी काढला, हे शपथेवर सांगणारा माणूस लागतो. ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा गोळीबाराचा आवाज ऐकून समोरच्या कार्यालयातून धावत स्टेशनात शिरले होते आणि रिकाम्या गाडीच्या डब्यात लपून त्यांनी फोटो घेतले होते. ‘टाइम्स’चे श्रीराम वेर्णेकरही त्या रात्री कॅमेरा घेऊन तिथेच होते. दोघांनीही साक्ष दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानं निकालपत्रात या दोघांच्या धाडसाचं मुद्दाम कौतुक केलं.

(दृश्य : कामा रुग्णालयाचं फाटक, मग पहिल्या मजल्याच्या खिडक्या)

सीएसटीतून कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल कामा रुग्णालयाकडे आले. पहिल्या मजल्यावर गरोदर बायकांचा वॉर्ड होता आणि रात्रपाळीला परिचारिका अंजली कुलथे होत्या. खिडकीतून त्यांनी दोघांना फाटकावरून आत उडी मारताना पाहिलं, रखवालदारावर गोळी झाडताना पाहिलं. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले आणि वीसच्या वीस बायकांना पॅन्ट्रीच्या छोट्याशा खोलीत नेऊन बसवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. बाहेर गोळीबार चालू असताना कुलथे तिला हाताला धरून, भिंतीच्या कडेकडेनं, जिन्यानं वर प्रसूतिकक्षात घेऊन गेल्या.

नंतर त्यांना तुरुंगात ओळखपरेडसाठी बोलावलं. सारख्या बांध्याची, सारख्या वयाची माणसं रांगेत उभी असतात आणि त्यातून आपल्याला एक निवडायचा असतो. कुलथे यांनी नंतर सांगितलं आहे, की त्यांनी कसाबला ओळखल्यावर तोच म्हणाला, बरोबर ओळखलंत, मीच अजमल कसाब. साक्षीच्या दिवशी त्यांनी परिचारिकेचा गणवेश घालूनच पिंजऱ्यात उभं राहण्याची परवानगी मागितली. त्या रात्री त्या गणवेशातच होत्या. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

(दृश्य : रंगभवनची गल्ली, रात्र)

पोलीस शिपाई अरुण जाधव यांची साक्ष तर दुसरं कुणी देऊच शकलं नसतं. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या क्वालिसमध्ये होते, तिच्यात मागच्या बाजूला जाधव बसले होते. गाडीतले बाकी सगळे गेले. गोळ्या लागलेले जाधव सहकाऱ्यांच्या देहांखाली निपचित पडून राहिले. कसाब आणि इस्माईल तीच गाडी घेऊन मेट्रोकडे निघाले, चालत्या गाडीतून गोळ्या झाडत राहिले आणि जाधव हे सारं मागे पडल्या पडल्या ऐकत होते. टायर फुटल्यावर दोघांनी गाडी टाकून दिली, तेव्हा जाधवांनी वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. त्या गल्लीत आणि त्या गाडीत काय घडलं, हे न्यायालयाला त्यांच्या तोंडून कळलं.

(दृश्य : वर्तमानपत्रांचे मथळे, जुलै २००९)

२० जुलै २००९ रोजी कसाबनं भर न्यायालयात अचानक गुन्हा कबूल केला. खटला आता संपला, असं बाहेर सगळ्यांना वाटलं. तहलियानींना तसं वाटलं नाही. कबुली अर्धवट होती, सगळे आरोप त्यात मान्य केलेले नव्हते. त्यांनी ती नोंदीवर घेतली आणि साक्षीपुरावा पुढे चालू ठेवला. डिसेंबरमध्ये कसाबनं कबुली फिरवली. आपण सिनेमात काम मिळवायला मुंबईत आलो होतो आणि पोलिसांनी आपल्याला जुहूला पकडलं, असं तो सांगू लागला. खटला केवळ कबुलीवर उभा असता, तर त्या दिवशी काय झालं असतं? पण तोवर देविका बोलून गेली होती. कुलथे, जाधव, दोन्ही छायाचित्रकार आणि त्याला चौपाटीवर पकडणारे पोलीसही. एकूण साडेसहाशेच्या आसपास साक्षीदार, त्यातल्या अनेकांची साक्ष प्रतिज्ञापत्रावर.

आणि याच न्यायालयानं एका साक्षीदारावर विश्वास ठेवला नाही, हेही सांगायला हवं. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद यांच्यावर हल्ल्यासाठी मुंबईचे नकाशे पुरवल्याचा आरोप होता. नेपाळमध्ये नकाशे हाती देताना पाहिलं, असं सांगणारा साक्षीदार सरकार पक्षानं उभा केला. इस्माईलच्या पँटच्या खिशात नकाशा सापडल्याचंही सांगितलं. पण पँट रक्तानं माखलेली आणि नकाशावर डागही नाही! ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला आणि त्याच निकालात हे दोघं सुटले. उच्च न्यायालयानं आणि सर्वोच्च न्यायालयानंही दोन्ही निष्कर्ष कायम ठेवले. साऱ्या शहराच्या मनात संताप धुमसत असताना, सरकार पक्षाच्या साक्षीदाराला नाही म्हणणारा हा न्यायाधीश होता. म्हणूनच देविकाचं म्हणणं जेव्हा त्यानं खरं मानलं, तेव्हा त्या खरं मानण्याला वजन आलं.

(दृश्य : वांद्र्याची वस्ती, दिवस)

२१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी झाली. देविकाचं पुढचं आयुष्य सोपं गेलं नाही. पायावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, शाळेत प्रवेश मिळायला उशीर झाला आणि दहशतवाद्याविरुद्ध साक्ष दिलेलं कुटुंब म्हणून शेजारीपाजारीही अंतर राखून वागले. सरकारकडून घर मिळावं यासाठी ती २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि या वेळी तिला कुणी समन्स पाठवून बोलावलं नव्हतं.