मोजलं काय, ते आधी विचारा

श्रोतेहो नमस्कार.

दर आठवड्याला कुठे ना कुठे बातमी येतेच, की अमुक खाल्लं तर हार्ट अटॅक टळतो, तमुक खाल्लं तर कॅन्सर होतो, आणि दोन महिन्यांनी नेमकी उलटी बातमी येते, मग माणूस वैतागतो आणि म्हणतो की जाऊ दे, या शास्त्रज्ञांचंच आपसात जमत नाही तर आपण कशाला डोकं लावायचं. पण गंमत बघा, पोलादाबद्दल असं कधी ऐकलंय का तुम्ही? गेल्या वर्षी मजबूत होतं, यंदाच्या संशोधनात कच्चं निघालं, अशी बातमी येत नाही. शास्त्रज्ञ दोन्हीकडे हुशारच आहेत हो, फरक मोजण्यात आहे. पोलादाची कांब मशिनमध्ये धरून तुटेपर्यंत ओढता येते आणि कितीला तुटली ते लिहून ठेवता येतं, माणसाचं तसं करता येत नाही. आणि खाण्याचं तर विचारूच नका, कारण तिथे कोणी काय खाल्लं हेच धड मोजता येत नाही.

म्हणजे होतं काय, की आहारावरच्या बऱ्याचशा मोठ्या अभ्यासांत लोकांना प्रश्नावली देतात. गेल्या वर्षभरात ही भाजी महिन्यातून किती वेळा खाल्लीत, तो पदार्थ आठवड्यातून किती वेळा, एका वेळी किती. आता मला सांगा, परवा रात्री काय जेवलात ते तरी आठवतंय का? लोक अंदाजे लिहितात, आणि अंदाज नेहमी स्वतःच्या बाजूने झुकतो. हे नुसतं मी म्हणत नाहीये, हे तपासायची एक फार सुंदर युक्ती आहे, आणि ती जरा सविस्तर सांगतो कारण मला ती मनापासून आवडते.

त्या माणसाला एक खास पाणी प्यायला देतात. त्यातला हायड्रोजनही जरा जड जातीचा आणि ऑक्सिजनही जड जातीचा, किरणोत्सर्गी वगैरे काही नाही, पिऊन काही होत नाही. हा जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या वाटेने बाहेर पडतो, लघवी, घाम, असं. ऑक्सिजन मात्र पाण्याच्या वाटेनेही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या वाटेनेही जातो. मग एक-दोन आठवडे लघवीचे नमुने घ्यायचे, दोन्ही किती वेगाने कमी झाले ते बघायचं, दोघांतला फरक म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून शरीराने किती ऊर्जा जाळली ते कळतं. माणूस आपल्या घरी, आपल्या कामात, नेहमीसारखा वावरत असतो, त्याला काही आठवावं लागत नाही की लिहावं लागत नाही.

1992 साली अमेरिकेत ही युक्ती अशा लोकांवर वापरली जे म्हणत होते की आम्ही दिवसाला बाराशे कॅलरीसुद्धा खात नाही तरी वजन उतरत नाही, आमची चयापचय क्रियाच मंद असणार. माणसं दहाच होती पण मोजणी कडक होती. निघालं काय, तर चयापचय सगळ्यांची ठीकठाक, फक्त खाल्लेलं सांगताना ते सरासरी 47 टक्के कमी सांगत होते आणि केलेला व्यायाम 51 टक्के जास्त. यावर हसू नका, आणि त्यांना खोटारडेही म्हणू नका, त्यांना ते मनापासून खरंच वाटत होतं. तुमचं माझं वेगळं नसणार. पण असल्या आठवणींवर उभा केलेला लाखभर लोकांचा अभ्यास, त्यात लाखभर लोक आहेत म्हणून खरा होतो का? चूक एकाच बाजूला झुकलेली असेल तर माणसं वाढवून ती जात नाही, उलट तीच चूक जास्त ठामपणे बोलायला लागते.

म्हणून मला 2019 चा तो वीस माणसांचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल आणि त्यांच्या टीमने वीस जणांना चार आठवडे तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे अल्ट्राप्रोसेस्ड म्हणजे कारखान्यात भरपूर प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं ताजं अन्न, कोणाला आधी हे तर कोणाला आधी ते. समोर ठेवलेल्या ताटात कॅलरी, साखर, फॅट, फायबर, मीठ सगळं जुळवलेलं, आणि सांगितलं की हवं तेवढं खा. ताटात उरलेलंसुद्धा मोजायचं. तर प्रोसेस्ड अन्नावर असताना लोक दिवसाला साधारण 500 कॅलरी जास्त खात होते, दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वजन वाढलं, आणि ताज्या अन्नावर तेवढंच उतरलं. आता यालाही मर्यादा आहेतच, दोन आठवड्यांत जे झालं ते दोन वर्षं तसंच चालेल का हे या प्रयोगाने कळत नाही. पण जे मोजलं ते खरोखर मोजलं, कोणाच्या आठवणीवर सोडलं नाही.

बरं, खाल्लेलं नीट मोजलं तरी घोटाळा संपत नाही. बीटा कॅरोटीनचं घ्या. गाजरात, हिरव्या पालेभाज्यांत असतं ते. अनेक अभ्यासांत दिसलं होतं की ज्यांच्या आहारात, ज्यांच्या रक्तात हे जास्त त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी. मग सरळ विचार केला की गोळी देऊन बघू. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणारे पुरुष घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, काहींना खरी गोळी काहींना नुसतीच, म्हणजे आत औषध नसलेली, आणि 1994 मध्ये रिझल्ट आला की बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त. जास्त! आधी वाटलं योगायोग असेल. तोवर अमेरिकेत अशीच दुसरी ट्रायल चालू होती, 18 हजारांवर माणसं, त्यात बीटा कॅरोटीनच्या जोडीला अ जीवनसत्त्वही होतं, ती 1996 च्या जानेवारीत ठरलेल्या वेळेच्या 21 महिने आधीच थांबवावी लागली, तिथे आकडा 28 टक्के. म्हणजे भाज्या खाणारे लोक आणखी दहा गोष्टींत वेगळे असतात, आणि भाजी म्हणजे त्यातला एक रेणू नव्हे. आजही डब्यांवर छापलेलं असतं ना, अमुक घटकाने युक्त, तेव्हा मला ही ट्रायल आठवते.

आणि हृदयाचं तर याहून वाईट झालं. हार्ट अटॅकनंतर काही जणांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात, आणि असे ठोके ज्यांचे जास्त ते मरण्याचा धोका जास्त, हे माहीत होतं. ठोके दाबणारी औषधं निघाली, ईसीजीवर दिसायचंच की ठोके सुधारले, डॉक्टर खूश, पेशंट खूश, भरपूर वापरली. मग कोणीतरी म्हटलं की ठोके सुधारले ते ठीक, पण माणसं जगतायत का ते मोजू. 1989 मध्ये त्या ट्रायलचे पहिले आकडे आले आणि दोन औषधं ताबडतोब बंद करावी लागली. नंतर पूर्ण हिशेब आला तेव्हा औषधाच्या 755 जणांत 63 मृत्यू आणि नुसत्या गोळीच्या 743 जणांत 26. ईसीजी तर छान दिसत होता हो! मोजायला सोपं होतं ते मोजलं, मोजायला हवं होतं ते नाही.

इंजिनियरिंगवाले म्हणतील की आमच्याकडे असं होत नाही. होतं. आणि शरीरात बसवायची वस्तू बनवताना तर हमखास होतं.

जॉन चार्नली म्हणून इंग्लंडमधले सर्जन, खुब्याचा सांधा बदलायची जी शस्त्रक्रिया आज जगभर होते तिचे जनक म्हटले तरी चालेल. त्यांना सांध्यातल्या वाटीसाठी घसरडं मटेरियल हवं होतं, तर त्यांनी टेफ्लॉन निवडलं, सगळ्यात कमी घर्षण त्याचंच. घर्षण मोजलं, उत्तम. पण झीज? दोन-तीन वर्षांत वाट्या झिजायला लागल्या, झिजलेल्या कणांनी आजूबाजूचं ऊतक चिडलं, आणि जवळपास तीनशे पेशंट पुन्हा उघडायची वेळ आली. चार्नलींनी स्वतःच्या मांडीत टेफ्लॉन टोचून घेतलं होतं, बघायला की शरीर काय करतं, आणि तिथे गाठ आली. माणूस वेडा होता पण प्रामाणिक.

आता यापुढचा भाग माझा आवडता. त्यांच्या प्रयोगशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचा टेक्निशियन होता, झीज मोजायचं मशिन त्याच्या ताब्यात. एकदा एक सेल्समन आला, हा माणूस कापड गिरण्यांतल्या मागांना प्लास्टिकचे गिअर विकायचा, त्याच्याकडे पॉलिथिलीनचा एक नवा जाड प्रकार होता. क्रेव्हनने चार्नलींना दाखवला, त्यांनी अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि वेळ घालवू नकोस म्हणून निघून गेले, पुढे कोपनहेगनला कॉन्फरन्स होती तिकडे. साहेब गावाला गेल्यावर क्रेव्हनने तुकडा गुपचूप मशिनवर चढवला. रात्रंदिवस तीन आठवडे मशिन फिरलं आणि टेफ्लॉन एका दिवसात झिजतं तेवढंसुद्धा ते झिजलं नाही. 1962 च्या नोव्हेंबरमध्ये त्याची वाटी पेशंटला बसवली गेली आणि पुढची कित्येक दशकं तेच मटेरियल चाललं. इतक्या मोठ्या सर्जनच्या नखापेक्षा टेक्निशियनचं मशिन बरोबर निघालं, यात चार्नलींचाही मोठेपणा आहे की परत आल्यावर आकडे बघून त्यांनी ते मान्य केलं.

पण मशिन म्हणजे शरीर नाही हेही तितकंच खरं. पुढे धातूवर धातू फिरणारे खुबे निघाले, लॅबमध्ये लाखो फेऱ्यांनंतर झीज अगदी थोडी, आणि पेशंटमध्ये मात्र काही मॉडेल इतकी वाईट निघाली की 2010 मध्ये एक बाजारातून परत घ्यावं लागलं. कारण लॅबमध्ये वाटी अगदी योग्य कोनात बसवलेली, ऑपरेशन टेबलवर कोन थोडा इकडेतिकडे होणारच, आणि तसा झाला की वाटीच्या कडेवर सगळा भार.

बोटाला लावायचा तो ऑक्सिमीटरही यातलाच. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनियरने 1970 च्या दशकात त्याचं तत्त्व शोधलं, तेही कसं, तर ते वेगळंच काहीतरी मोजत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे सिग्नल सारखा थरथरायचा, ती थरथर काढून टाकायची खटपट करता करता त्यांच्या लक्षात आलं की ऑक्सिजनची माहिती या थरथरीतच आहे. अफाट डोकं. पण ही यंत्रं कॅलिब्रेट करताना, म्हणजे त्यांचे आकडे रक्ताच्या तपासणीशी जुळवून घेताना, ज्यांची बोटं वापरली ते स्वयंसेवक बहुतेक उजळ कातडीचे, आणि 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की यंत्र रक्तातला ऑक्सिजन 92 ते 96 टक्के दाखवत असताना रक्त काढून तपासलं तर खरा आकडा 88 च्या खाली, असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये 11.7 टक्के वेळा आणि गोऱ्यांमध्ये 3.6 टक्के वेळा. तेव्हा अमेरिकेतला नियम एवढाच होता की चाचणीतल्या किमान दोघांची किंवा पंधरा टक्क्यांची कातडी गडद असावी. काय मोजलं याबरोबर कोणावर मोजलं हेही विचारावं लागतं ते असं.

टक्क्यांवरून आठवलं. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सांगितलं की रोज 50 ग्रॅम प्रोसेस्ड मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, आणि लोकांना वाटलं शंभरातल्या अठरा जणांना होणार. तसं नाही. समजा एरवी शंभरातल्या 5 जणांना होणार असेल तर 18 टक्के वाढ म्हणजे ते 5 चे 5.9 होतील, साधारण एक माणूस वाढला. तो एक माणूसही महत्त्वाचाच, पण कशाच्या 18 टक्के हे बातमीत नसेल तर ती बातमी अर्धी आहे.

मग यावर काही उपाय आहे का? एक आहे, आणि तो तुम्हीआम्हीही वापरू शकतो. पूर्वी काय चालायचं, ट्रायल करायची, पन्नास गोष्टी मोजायच्या आणि जी चांगली दिसेल तीच आम्हाला बघायची होती असं पेपरात लिहायचं, म्हणजे आधी बाण मारायचा आणि तो लागला तिथे वर्तुळ काढायचं. मग साधारण 2000 सालापासून नियम येत गेले की ट्रायल सुरू करण्याआधीच जाहीर नोंद करा, मुख्य म्हणून काय मोजणार ते लिहून द्या. 2015 मध्ये दोन संशोधकांनी अमेरिकन सरकारच्या पैशावर झालेल्या हृदयरोगाच्या मोठ्या ट्रायल तपासल्या. 2000 च्या आधीच्या 30 पैकी 17 मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता, 2000 नंतरच्या 25 पैकी फक्त 2 मध्ये. औषधं अचानक बिघडली नव्हती, त्या दोघांच्या मते यामागचं एक मोठं कारण म्हणजे आधी करावी लागणारी नोंदणी.

या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत, फुकट आहेत. बातमीत ट्रायलचा नोंदणी क्रमांक असला तर तो क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या साइटवर टाका, प्रायमरी आउटकम असं लिहिलेलं असतं तिथे बघा सुरुवातीला काय मोजायचं ठरवलं होतं, आणि ते मधे बदललं असेल तर जुन्या नोंदीही तिथेच तारखेसकट दिसतात. भाषा जरा किचकट आहे, पण दोन-तीन वेळा बघितलं की सरावते. आणि क्रमांकच दिला नसेल, तर बातमी देणाऱ्याला विचारा ना, कुठली ट्रायल, किती माणसं, मोजलं काय.

वेळ संपत आलीये, थांबतो. नमस्कार.