वहीतली लाल तारीख

नमस्कार श्रोतेहो.

धावपटूच्या सरावाची वही शेवटच्या पानाकडून लिहायला घेतात. ज्या दिवशी सगळ्यात जोरात धावायचं आहे ती तारीख प्रशिक्षक आधी मांडतात, तिच्याभोवती लाल गोल करतात आणि तिथून मागे मोजत येतात. शेवटचे दोन आठवडे सराव उतरवायचा. म्हणजे किलोमीटर निम्म्यावर आणायचे, वेग मात्र सोडायचा नाही. त्याआधी सहा-आठ आठवडे ट्रॅकवरचं काम, ज्यात छाती जळते आणि पाय थरथरतात. त्याआधी तीन-चार आठवडे उंचावरचं शिबिर. आणि त्याच्याही आधी नुसते किलोमीटर, रोज, महिनोन्‌महिने. असं मोजत आजच्या तारखेपर्यंत आलं की हातात किती वेळ आहे ते कळतं. तो नेहमी कमीच निघतो.

आणि या मोजणीच्या मधोमध दुसरीच एक तारीख येऊन बसते. आपल्याच देशात भरणारी मोठी स्पर्धा. तिकिटं विकली गेलेली, भिंतींवर आपलाच फोटो, नातेवाइकांचे फोन सुरू झालेले. आणि वहीत त्या आठवड्यात लिहिलेलं असतं: लाँग रन, पस्तीस किलोमीटर.

आज बोलायचंय ते या पेचाबद्दल. घरची स्पर्धा धावायची, की पुढच्या मोठ्या लक्ष्यासाठी ती सोडायची? एखाद्यानं सोडली की आपण लगेच म्हणतो, मातलाय, देशापेक्षा मोठा झाला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असंही सुनावतो. अहो, पण पळत्याच्या पाठी लागणं हाच ज्याचा धंदा, त्याला ही म्हण सांगून काय उपयोग? त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दोन तारखांमध्ये आठवडे किती?

२०२४ सालचं उदाहरण घ्या. युरोपियन स्पर्धा रोममध्ये जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि पॅरिस ऑलिम्पिकमधल्या धावण्याच्या शर्यती ऑगस्टमध्ये. इटलीची नादिया बत्तोक्लेत्ती रोममध्ये ७ जूनला ५,००० मीटर जिंकली, ११ जूनला १०,००० मीटर जिंकली. घरच्या प्रेक्षकांसमोर दोन सुवर्णपदकं. तिनं सगळं बळ रोममध्येच खर्च केलं असं कुणाला वाटलं असेल, तर ९ ऑगस्टला उत्तर मिळालं. पॅरिसच्या १०,००० मीटरमध्ये केनियाच्या बिएट्रिस चेबेटच्या मागे ती दुसरी आली. अंतर होतं सेकंदाच्या एक दशांशाचं. नेदरलँड्सची सिफान हसन तिच्या मागे तिसरी. रोम ते पॅरिस आठ आठवडे होते. आठ आठवड्यांत शरीर थोडं सैल सोडता येतं, पुन्हा किलोमीटर वाढवता येतात, पुन्हा धार लावता येते. अशा वेळी घरची स्पर्धा आड येत नाही, उलट पायरीसारखी उपयोगी पडते.

ब्रिटनचा जॉश कर तर त्याच वर्षी मार्चमध्येच, ग्लासगोला घरच्या मैदानात जागतिक इनडोअर स्पर्धेत ३,००० मीटर जिंकून मोकळा झाला होता. पॅरिसला १,५०० मीटरमध्ये त्याला रौप्यपदक मिळालं, ३ मिनिटं २७.७९ सेकंदांत. पाच महिने मध्ये असले की पेच उरतच नाही.

आता दोन तारखा अगदी चिकटून आल्या तर? २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यूजीनला जुलैत जागतिक स्पर्धा, लगेच बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल, आणि ऑगस्टच्या मध्यावर म्युनिकला युरोपियन. पाच आठवड्यांत तीन. ब्रिटनच्या धावपटूंसाठी मधली स्पर्धा घरची. जेक वाइटमननं यूजीनला १,५०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवलं, आणि मैदानावर माइकवरून शर्यतीचं निवेदन करत होते त्याचे वडीलच! अडीच आठवड्यांनी बर्मिंगहॅमला कांस्यपदक. आणि म्युनिकमध्ये तो १,५०० धावलाच नाही. ८०० मीटर धावला, रौप्यपदक घेतलं. ही शहाणी तडजोड होती असं मला वाटतं. ८०० ची शर्यत पावणेदोन मिनिटांची, आणि थकलेल्या डोक्यालाही नवी शर्यत जरा बरी वाटते.

आपल्या अविनाश साबळेचंही तेच वर्ष आठवा. यूजीनला ३,००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची, अंतिम शर्यत कमालीची संथ झाली, अविनाश अकरावा आला. एकोणीस दिवसांनी बर्मिंगहॅमला तोच माणूस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन गेला, सुवर्णपदक हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. एकोणीस दिवसांत नवं काही बांधता येत नाही हो. जे आहे ते सांभाळायचं असतं. दोन-तीन आठवड्यांचं अंतर असेल तर टिकवायचं, आठ-दहा आठवड्यांचं असेल तर नव्यानं बांधायचं. त्रास देतं ते मधलं अंतर, चार-पाच आठवड्यांचं. टिकवायला फार, बांधायला अपुरं. या आठवड्यांत किती धावायचं, यावरून प्रशिक्षक आणि धावपटू यांची जितकी भांडणं होतात तितकी वर्षभरात होत नसतील.

हे ट्रॅकचं झालं. मॅरेथॉनवाल्याला मात्र एवढीही मुभा नाही. तयारीला तीन-चार महिने, आणि शर्यतीनंतर जिने उतरताना कठडा धरावा लागतो असे आठ दिवस. यूजीनची पुरुषांची मॅरेथॉन होती १७ जुलै २०२२ ला, म्युनिकची १५ ऑगस्टला. मध्ये एकोणतीस दिवस. दोन्हीकडे पूर्ण ताकदीनं धावणं जवळजवळ अशक्य. जर्मनीचा रिचर्ड रिंगर घरी धावला. बेचाळीस किलोमीटर संपत आले तरी निकाल लागला नव्हता. इस्रायलचा मारू तेफेरी पुढे होता, आणि शेवटच्या काही मीटरमध्ये रिंगरनं मॅरेथॉनच्या अंतरानंतर चक्क स्प्रिंट मारली. २ तास १० मिनिटं २१ सेकंद, दोन सेकंदांनी विजय. तो यूजीनला गेला असता तर? जागतिक मॅरेथॉनमध्ये एवढ्या वेळात धावून पदक मिळालं नसतं, हे तो आणि त्याचे प्रशिक्षक दोघंही जाणून असणार. म्हणजे ‘मोठं लक्ष्य’ कुठलं, हे पाटीवरच्या नावावरून ठरत नाही. जागतिक स्पर्धा युरोपियनपेक्षा मोठी हे खरं, पण तुम्ही तिथे विसावे येणार असाल आणि घरी पहिले येऊ शकत असाल, तर तुमच्यापुरती मोठी कुठली?

हे मला जरा ठासून सांगायचंय, कारण या चर्चेत आपण नेहमी पहिल्या दोन-चार नावांबद्दलच बोलतो. जगातल्या पहिल्या तिघांत असलेल्यानं घरची स्पर्धा सोडली तर मी समजू शकतो. त्याच्यापुढे ऑलिम्पिक खरोखर आहे. पण पंधराव्या-विसाव्या क्रमांकाचा धावपटूही हल्ली तीच भाषा बोलतो, ‘मोठ्या लक्ष्यावर लक्ष केंद्रित करतोय’ म्हणतो, आणि मोठ्या लक्ष्याच्या दिवशी पहिल्याच फेरीत घरी येतो. एक ना धड.

मायकेल शेलीचं बघा. ऑस्ट्रेलियाचा मॅरेथॉनपटू, ऑलिम्पिकमध्ये पदक कधी मिळालं नाही. पण २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुलचं रौप्य, २०१४ ला ग्लासगोत सुवर्ण, आणि २०१८ ची राष्ट्रकुल स्पर्धा भरली त्याच्या स्वतःच्या गावी, गोल्ड कोस्टला. त्या एप्रिलच्या उकाड्यात चाळीस किलोमीटरपर्यंत पुढे होता स्कॉटलंडचा कॅलम हॉकिन्स, तोही थोडाथोडका नाही, जवळजवळ दोन मिनिटांनी. आदल्या वर्षी जागतिक स्पर्धेत चौथा आलेला हा धावपटू. त्याचे पाय वाकडे पडायला लागले, तो पडला, उठला, अडखळत चालला, आणि पुन्हा कठड्यावर कोसळला. शेली मागून आला आणि २ तास १६ मिनिटं ४६ सेकंदांत जिंकला. वेळ फार भारी नाही, सुवर्णपदक मात्र आपल्याच गावच्या रस्त्यावर.

आणि त्याच्या बरोबर एका आठवड्यानंतर, २२ एप्रिलला, लंडन मॅरेथॉनमध्ये ब्रिटनचा मो फराह तिसरा आला, २ तास ६ मिनिटं २१ सेकंदांच्या ब्रिटिश विक्रमासह. तो गोल्ड कोस्टला गेलाच नव्हता. घरचा रस्ता, पुढे धावून वेग धरून देणारे पेसमेकर आणि मानधन. राष्ट्रकुलमध्ये आयोजकांकडून बक्षिसाची रक्कम नसते, मोठ्या शहरांच्या मॅरेथॉनमध्ये नामवंतांना नुसत्या हजेरीचेही पैसे मिळतात. पैशाचं नाव काढलं की आपण नाक मुरडतो. पण धावपटूची कमाई फार तर दहा-बारा वर्षांची, आणि मॅरेथॉन वर्षाला दोनच. या हिशेबात मला काही गैर दिसत नाही.

फराहवर २०१४ मध्ये मात्र टीका झाली होती. ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर असताना त्यानं नाव मागे घेतलं. जुलैमध्ये तो आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला होता, सराव बुडाला होता. पुढे ऑगस्टच्या मध्यावर झुरिकला युरोपियन स्पर्धेत त्यानं ५,००० आणि १०,००० दोन्ही जिंकल्या. मग लोक म्हणाले, बघा, होता की बरा! पण दोन आठवडे म्हणजे आजारातून उठलेल्या शरीराला फार मोठी मुदत आहे. अर्धवट तयारीनं ग्लासगोला धावला असता तर कदाचित दोन्हीकडून गेला असता.

दुसरीकडे ब्रिटनच्याच पॉला रॅडक्लिफचं २००२ साल. एप्रिलमध्ये लंडन मॅरेथॉन जिंकली. जुलैच्या शेवटी मँचेस्टरला, घरी, राष्ट्रकुलची ५,००० मीटर. ऑगस्टमध्ये म्युनिकला युरोपियन १०,०००. आणि १३ ऑक्टोबरला शिकागोत मॅरेथॉनचा विश्वविक्रम, २ तास १७ मिनिटं १८ सेकंद. हे पाहून कुणी नियम काढू नये. असं वर्ष तिच्याही वाट्याला रोज आलं नाही.

आता घरच्या आवाजाबद्दल. टीव्हीवर पाहताना वाटतं, हजारो लोक नाव घेऊन ओरडताहेत म्हणजे पाय आपोआप पळत असतील. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पळतातही. जर्मनीची कोन्स्तान्झे क्लोस्टरहाल्फेन यूजीनला ५,००० च्या प्राथमिक फेरीतच बाद झाली होती, तीच महिन्याभरानं म्युनिकला, घरी, सुवर्णपदक घेऊन गेली. पण तोच आवाज ट्रॅकच्या पहिल्या चकरेत वैरी होतो. पाच हजारची पहिली चक्कर ७२ सेकंदांत धावायची ठरलेली असते, आवाजानं ती ६९ मध्ये होते, आणि ते तीन सेकंद शेवटी व्याजासकट परत द्यावे लागतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये चीनचा लिऊ शियांग अडथळा शर्यतीच्या प्राथमिक फेरीतून दुखऱ्या टाचेमुळे चालत बाहेर गेला, तेव्हा भरलेलं स्टेडियम नुसतं गप्प झालं. घर आणि सर्वोच्च लक्ष्य एकाच दिवशी आलं होतं, निवड करायची सोयच नव्हती.

ब्रिटनच्या धावपटूंपुढे २०२६ चं वेळापत्रक असंच अवघड आहे. ग्लासगोला राष्ट्रकुल २३ जुलै ते २ ऑगस्ट, बर्मिंगहॅमला युरोपियन १० ते १६ ऑगस्ट. दोन्ही घरच्याच, मध्ये जेमतेम आठवडा. आणि सप्टेंबरच्या ११ ते १३ ला बुडापेस्टची नवी स्पर्धा, विजेत्याला दीड लाख डॉलर देणारी. मी प्रशिक्षक असतो तर दोन घरांपैकी एकच घर निवडायला लावलं असतं, आणि ते मार्चच्या आत जाहीर करायला लावलं असतं.

मार्चच्या आत का? त्याला कारण आहे. मी ८०० मीटर धावायचो, फार मोठा नव्हतो. एका वर्षी निवड चाचणीत चौथा आलो आणि संघात तिघंच. माझ्यापुढचा एक जण त्या हंगामात परदेशातल्या मोठ्या शर्यतींची तयारी करत होता. घरची स्पर्धा तो धावणार की नाही हे त्यालाच ठरवता येत नव्हतं, किंवा सांगता येत नव्हतं. राखीव म्हणून मी पाच आठवडे धार टिकवली. मग कंटाळलो, इंटरव्हल, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी जोरात धावणं, बंद केलं, नुसतं सकाळचं सावकाश धावणं सुरू ठेवलं. स्पर्धेला सहा दिवस असताना रात्री अकराला फोन आला: “तो येत नाही, तू ये.”

गेलो. घरच्यांनी पहिल्या रांगेतली तिकिटं काढली. सहाशे मीटरपर्यंत घोळक्यात होतो, अगदी मजेत. मग वळणावर सगळे निघून गेले आणि मी जागेवरच धावतोय असं वाटायला लागलं. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, आठवा. त्या माणसाचा मला तेव्हा फार राग आला होता. त्यानं स्पर्धा सोडली याचा नाही. त्या उन्हाळ्यात परदेशात त्यानं आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली, निर्णय त्याच्या परीनं बरोबरच होता. राग होता तो त्या पाच आठवड्यांचा. माझ्या वहीत त्यांच्यासमोर अजून पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, ‘वाट पाहणे’.

नमस्कार.